माळकरी माणसाला सिरॉसिस?

प्रश्न : माझे दादा 47 वर्षांचे, माळकरी. दारू तर सोडाच, सुपारीचं खांडही खात नाहीत. चार वर्षांपूर्वी हृदयाचे स्नायू कमजोर झाल्याचं निदान झालं. आता पंपिंग 18 टक्के आहे. पाय सुजतात, पोटात पाणी होतं, डोळे पिवळट दिसतात. काविळीचं बिलिरुबिन 2.9. फायब्रोस्कॅनचा आकडा 26 आला आणि रिपोर्टवर ‘सिरॉसिस’ असं लिहून आलं. तेव्हापासून गावात कुजबुज आहे की हा चोरून पीत असणार. डॉक्टर हृदय बदलायचं म्हणतात. पण लिव्हरच गेलं असेल तर नवं हृदय बसवून काय उपयोग? वहिनी रोज गुळवेलीचा काढा देतात, तो चालू ठेवायचा का? – एक बहीण, तासगाव

उत्तर : आधी कुजबुजणाऱ्यांना सांगून टाका, की दादांच्या लिव्हरला दारूने नाही, हृदयाने त्रास दिलाय. हृदय मिनिटाला जेवढं रक्त बाहेर टाकतं, त्याचा साधारण चौथा हिस्सा लिव्हरमधून जातो आणि तिथून जवळच असलेल्या हृदयाच्या उजव्या बाजूला परततो. ती बाजू थकली की रक्त मागे तुंबतं, आणि त्या दाबाचा मार लिव्हर खातं. दादांना उशीला टेकवून बसवलं आणि उजव्या बरगडीखाली तळहाताने दाबून धरलं, तर मानेतली शीर फुगेल आणि हात काढेपर्यंत तशीच राहील. घरी करू नका, दुखतं; पण पुढच्या वेळी डॉक्टर करतील तेव्हा बघा. वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टर पोरांना मी आधी हे करायला लावते, सोनोग्राफीचा फॉर्म नंतर.

अशा लिव्हरचा काप जायफळ फोडल्यासारखा दिसतो, तांबड्या-फिकट नक्षीचा. तांबडं ते तुंबलेलं रक्त. त्या भागातल्या पेशींना प्राणवायू मुळातच कमी पोचतो, त्यामुळे आधी त्या मरतात. वर्षानुवर्षं हे चाललं की तिथे व्रण धरतात. ते लिव्हरभर पसरून पक्के झाले की त्याला सिरॉसिस म्हणतात.

आता तो 26 चा आकडा. फायब्रोस्कॅन मोजतं कडकपणा. रक्ताने टम्म भरलेलं लिव्हर व्रण नसले तरी कडकच लागतं. हृदयाच्या पेशंटच्या रिपोर्टवर कुणी आकडा बघून सरळ सिरॉसिस लिहिलं की माझं डोकं फिरतं. लघवीच्या गोळ्यांनी सूज नीट उतरवून तीच तपासणी पुन्हा करायला सांगा; आकडा बराच खाली येऊ शकतो. पोटातलं पाणी कधी काढलं असेल तर त्याचा रिपोर्टही शोधा. त्यात प्रथिनं डेसिलिटरला 2.5 ग्रॅमच्या वर असतील तर बोट हृदयाकडे जातं. सिरॉसिसच्या पाण्यात ती सहसा कमी असतात. तरीही शंका उरली तर मानेच्या शिरेतून नळी घालून लिव्हरचा तुकडा घेतात. पोटातून सुई घालत नाहीत, कारण आत पाणी आणि रक्त गोठायला उशीर. त्याच नळीने शिरांमधला दाबही मोजून होतो. मात्र व्रण सगळीकडे सारखे नसतात, म्हणून एका तुकड्यावर अख्खा निकाल देऊ नये.

उपयोग काय, हा तुमचा खरा प्रश्न. बिघाड मुख्यतः तुंबण्याचा असेल तर भरपूर उपयोग आहे. ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस बिलिरुबिन उलट वाढूही शकतं, तेव्हा धीर सोडू नका. नवं हृदय नीट चालू लागलं की मागचा दाब उतरतो, पाणी ओसरतं, आणि काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, रक्ताचे रिपोर्ट बहुधा ताळ्यावर येतात. थोडेफार व्रणही विरळ होऊ शकतात. पक्का सिरॉसिस झालेला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ऑपरेशनमध्ये रक्तस्राव आणि पुढे जंतुसंसर्ग, दोन्हींचा धोका वाढतो, आणि नंतरही लिव्हरच्या कॅन्सरसाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहावी लागते. अशा निवडक पेशंटना हृदय आणि लिव्हर दोन्ही एकदम बदलतात. अमेरिकी सर्जन थॉमस स्टार्झल यांच्या टीमने 1984 मध्ये तिथल्या पिट्सबर्गला सहा वर्षांच्या एका मुलीवर हे पहिल्यांदा केलं. तिचा आजार मात्र सिरॉसिसचा नव्हता, कोलेस्टेरॉलचा होता. म्हणून नव्या हृदयासाठी नाव नोंदवण्याआधी हृदयवाल्यांबरोबर लिव्हरच्या डॉक्टरांचंही मत कागदावर घ्या.

हृदय बदलायला चेन्नईलाच जायला हवं असं नाही. मुंबई-पुण्यातही हृदय बदलतात, आणि परळच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्येच ते करून पाहिलं होतं. पेशंट काही तासच जगला. काढलेलं हृदय साधारण चार तासांच्या आत बसवायचं असतं, म्हणून नाव नोंदवल्यावर हॉस्पिटलच्या टप्प्यात राहण्याची सोय बघून ठेवा.

काढा आजच बंद. वहिनींची माया समजते, पण 2021 मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हर बिघडलेल्या पेशंटची नोंद प्रसिद्ध केली आहे. शिवाय गुळवेल देतात ती प्रतिकारशक्ती वाढवायला, आणि हृदय बदलल्यावर आम्ही गोळ्या देऊन तीच दाबून ठेवतो. ‘लिव्हर टॉनिक’च्या बाटल्याही नकोत. पाणी आणि मीठ किती, ते डॉक्टर सांगतील तेवढंच. पण मीठ तोडलं म्हणून जेवण तोडू नका. अशा पेशंटचे दंड-मांड्या आधीच झिजलेल्या असतात, आणि पोट मोठं दिसतं म्हणून घरचे त्याला अर्धपोटी ठेवतात. डाळ, दही, उसळ पोटात जाऊ द्या, थोडं थोडं, चार-पाच वेळा.

प्रश्न : हृदय बदलून दीड वर्ष झालं, तब्येत उत्तम. परसातलं पपनस गणपतीत खाल्लं तर चालेल का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. तुमची प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमसची गोळी ज्या एन्झाइमने मोडते, ते एन्झाइम पपनस आणि ग्रेपफ्रूट अडवून धरतात. गोळीचं रक्तातलं प्रमाण चढतं, आणि मार बसतो किडनीला. एक फोड, अर्धी फोड असा हिशेब मांडू नका. क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन याच्या उलट करतं, प्रमाण पाडतं. म्हणून कुणीही नवी गोळी लिहून दिली की आधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन. पेरू, सफरचंद स्वच्छ धुऊन, सोलून खा. पपनस शेजाऱ्यांकडे पाठवा.