शाळेजवळ जंगल नाही, सहलीला पैसे नाहीत, मग सातवीच्या मुलांना वर्गाबाहेर पर्यावरण कसं शिकवायचं?

तुम्ही लिहिलंय की वर्गात ४५ मुलं आहेत आणि बसचं भाडं परवडत नाही. खरं सांगू का, बस नाही हे एका परीनं बरंच आहे. मी सातारा जिल्ह्यात दुष्काळी पट्ट्यातल्या एका हायस्कूलला विज्ञान शिकवायचो, सहली पुष्कळ नेल्या, पण नंतर मुलांना विचारलं की लक्षात काय राहिलंय तर गाडीतल्या भेंड्या आणि भेळ. एकदाच बघितलेल्या जागेत काय बदललं ते कळत नाही, त्यासाठी तिथंच पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि तसं रोज जाता येईल अशी जागा म्हणजे शाळेचं पटांगण, कंपाउंड आणि जवळ असला तर ओढा.

जूनमध्ये पाऊस मोजण्यापासून सुरुवात करा. सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा, बुडाशी खळगे असतात म्हणून तिथं खडे टाकून ते बुडतील एवढं पाणी ओतायचं आणि तिथं शून्याची खूण करून वर पट्टी चिकटवायची. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, तुम्हीपण तीच वेळ धरा, शाळेजवळ राहणाऱ्या पोरांना हे काम फार आवडतं. मग छप्पर टेपनं मोजायला लावा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, म्हणजे १५० चौरस मीटरच्या छपरावर २० मिलिमीटर पडला की ३००० लिटर. हा आकडा मुलांनी स्वतः काढला की पुढचा प्रश्न तीच विचारतात, की सर एवढं पाणी गटारात जातं आणि एप्रिलमध्ये आपण टँकरची वाट का बघतो? याचं उत्तर द्यायची घाई करू नका.

त्याऐवजी एक पत्र्याचा डबा घ्या, दोन्ही तोंडं उघडी, कडा हाताला कापणार नाहीत असा. आधी पटांगणात दोन बोटं खोल ठोकायचा, आत लिटरभर पाणी ओतायचं आणि घड्याळ लावून बसायचं. मग तोच डबा झाडाखाली पाचोळा बाजूला करून. झाडाखाली बहुतेक वेळा पाणी पटकन मुरतं, आणि पटांगणात मात्र मुलं कंटाळून जातात तरी पाणी तसंच, कारण तुडवून तुडवून माती घट्ट झालेली असते, झाडाखाली मुळांनी आणि गांडुळांनी वाटा केलेल्या असतात. मी या एका डब्यावर अख्खा आठवडा घालवायचो, कुठं ठोकायचा ते मुलंच ठरवायची. वर्गात फळ्यावर भूजल शिकवताना असा गोंगाट कधी झाला नाही.

झाडांचं सोपं आहे. पाच-सहा मुलांत एक झाड वाटून द्यायचं, दर आठवड्याला पानं, फुलं, फळं बघायची आणि नाही, थोडी, भरपूर एवढंच लिहायचं. सीझनवॉच नावाचा उपक्रम २०१० पासून देशभर हेच करतोय, शाळा त्यात भाग घेऊ शकतात, केरळच्या शाळांनी तर फार काम केलंय. उंबर असला तर तो मस्ट! कच्चं उंबर कापलं की आत सगळी फुलंच असतात आणि नशीब असेल तर बारीक गांधीलमाश्या, आणि घरी आजी सांगते की उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, मग त्या दिवशी पोरं आजीला दाखवायला खिशात उंबर घालून नेतात.

ओढ्यावर मात्र पावसाळ्यात अजिबात नेऊ नका, दिवाळीनंतर पाणी घोट्याएवढं झालं की चहाची गाळणी आणि पांढरं ताट घेऊन जा, दगड उलटून काय काय निघतं ते ताटात बघा, बघून झालं की दगड होता तसा ठेवायचा.

अभ्यास बुडतो म्हणून पालक कुरकुर करतील. क्षेत्रफळ, सरासरी, आलेख सगळं यातच होतं, वही दाखवा. आणि मुख्याध्यापक अडले तर सुप्रीम कोर्टानं १९९१ सालीच पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीचा करायला सांगितलंय हे हळूच सांगा.

सगळी ४५ मुलं एकदम बाहेर काढू नका, निम्मी निम्मी न्या, सोबत अजून एक शिक्षक हवेतच. गवतात हात घालायचा नाही, बूट घालूनच यायचं, आणि झाडावर आग्यामोहोळ असेल तर ते झाड यादीतून सरळ काढून टाका.