‘गॅस बंद आहे ना?’ या प्रश्नाला उत्तर देऊ नकोस

पत्र: ताई, आम्ही डोंबिवलीत राहतो. नवरा ४१ वर्षांचा, नोकरी मुंबईत. गेली दोन वर्षं सकाळी निघताना तो गॅसची बटणं, गीझर, कुलूप सारखं तपासतो. जिना उतरून पुन्हा वर येतो, नेहमीची लोकल चुकते. ट्रेनमधून फोन करतो, “गॅस बंद होता ना?” मी बटणांचा फोटो पाठवते, तरी विचारतो. कधीकधी मी न बघताच ‘हो’ म्हणते. आता नऊ वर्षांच्या मुलीलाही बघायला पाठवतो. सासूबाई म्हणतात नजर लागली, शांत करू. मी चिडू, की सांभाळून घेऊ?

उत्तर: चिडून काही साधणार नाही. आणि तू ज्याला सांभाळून घेणं म्हणतेस, त्यानं हे वाढतंय. हे वाचून स्वतःला बोल लावू नकोस. दारात घाबराघुबरा झालेला आपला माणूस दिसला की कुणीही म्हणेल, “अरे, बंद आहे, चल आता!”

निदान डॉक्टरच करतील, पण तू लिहिलेल्या खुणा ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या आहेत. सारखे हात धुणारा माणूस लगेच लक्षात येतो. तपासत राहणारा येत नाही, उलट ‘किती जबाबदार’ म्हणून त्याचं कौतुक होतं!

त्याच्या मनात साधारण असं चालत असणार: गॅस सुटलाय, घर पेटलंय, आणि चूक माझी. असले नको ते विचार बहुतेकांच्या डोक्यात येतात आणि निघून जातात. ओसीडीत ते रुतून बसतात. छाती धडधडते, बटण बघितलं की जरा शांत वाटतं, आणि पायऱ्या उतरेपर्यंत नवी शंका उभी: मी नीट बघितलं होतं का? खाजवलं की खाज वाढावी तसं हे आहे. तुझं ‘हो’ म्हणजेही खाजवणंच, फक्त हात तुझा.

नेदरलँड्समधल्या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरवरच्या खोट्या गॅसची बटणं पुन्हा पुन्हा तपासायला लावली. शेवटची तपासणी त्यांना बरोबर आठवत होती, पण ती आठवण पुसट झाली होती आणि तिच्यावरचा भरवसा उडाला होता. ही मुलं आजारी नव्हती बरं का. म्हणजे तुझा नवरा विसरभोळा आहे म्हणून तपासतो असं नाही, तपासून तपासून त्याचा स्वतःवरचा विश्वास गेलाय. तू पाठवलेल्या फोटोनं त्याचं समाधान का होत नाही, ते आता कळलं असेल.

यावर चांगला उपचार आहे. एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ त्याच्याकडून पायरीपायरीनं सराव करून घेतात: आधी सोपं काहीतरी, मग कुलूप एकदाच ओढून निघायचं, परत फिरायचं नाही. भीती चढते. तपासलं नाही तरी ती आपोआप उतरते, किंवा ती असतानाही दिवस पार पडतो, हे अनुभवानं पटत जातं. समजूत घालून ते पटत नाही. जोडीला मानसोपचारतज्ज्ञ मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी गोळी देऊ शकतात. ती झोपेची गोळी नव्हे आणि तिचं व्यसन लागत नाही. मात्र नीट गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, डोसही डिप्रेशनसाठी देतात त्यापेक्षा बरेचदा जास्त लागतो. ‘पंधरा दिवस घेतली, काही फरक नाही’ म्हणून मनानं बंद करायची नाही.

शांत करायची तर खुशाल करा, सासूबाईंना बरं वाटेल. फक्त तिच्यासाठी डॉक्टरांची तारीख पुढे ढकलू नका.

घरात पहिली सुटका लेकीची कर. तिला बटणं बघायला पाठवायचं नाही, हे आजपासूनच. बाकीचं एकदम तोडू नकोस. रविवारी दुपारी, तो निवांत असताना, दोघांनी बसून ठरवा: या आठवड्यापासून फोटो बंद, पुढच्या आठवड्यात फोनवरचं उत्तर एकदाच, नंतर तेही नाही. त्यानं विचारलं की म्हण, “भीती वाटतेय ना? कळतंय मला. पण याचं उत्तर मी देणार नाही, आपलं ठरलंय.” त्याला न सांगता हे सुरू केलंस तर त्याला तो दगा वाटेल. सुरुवातीला तो जास्त विचारेल, चिडेलही. तेव्हा डगमगू नकोस. आणि न बघता ‘हो’ म्हणणं सोड. ते एकदा उघडकीला आलं, तर तुझ्या खऱ्या ‘हो’वरही तो विश्वास ठेवणार नाही.

कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन कर. फुकट आहे, रात्रीअपरात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. तो कधी जिवाचं बरंवाईट करायची भाषा बोलला, तर मात्र थांबू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने.

तो यायला तयार नसेल, तर पहिल्यांदा तू एकटी जा. घरच्यांनी काय करायचं थांबवावं, हे तुला एकटीलाही शिकता येतं. जाताना मला लिहिलेलं हे पत्र ने आणि त्यात एका गोष्टीची भर घाल: या सगळ्यात त्याचा रोज किती वेळ जातो. डॉक्टर ते विचारतीलच.