एअर गोल्ड कप सुरुवातीपासूनच सहा फर्लांगांची हँडिकॅप शर्यत होती का?

नाही. स्कॉटलंडमधल्या एअर गावची ही घोड्यांची शर्यत 1804 साली सुरू झाली, पण ती हँडिकॅप (घोड्याच्या कुवतीनुसार कमी-जास्त वजन लादणारी शर्यत) झाली 1855 मध्ये आणि सहा फर्लांगांवर, म्हणजे सुमारे 1200 मीटरवर, आली ती 1908 मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी एअरचं रेसकोर्स आजच्या जागी हललं होतं. आरंभी तर ती फक्त स्कॉटलंडमध्ये पैदास झालेल्या आणि तिथेच तयार केलेल्या घोड्यांपुरती होती. म्हणून विजेत्यांची यादी सलग दिसली, तरी 1908 पूर्वीच्या घोड्यांची आजच्या स्प्रिंटरांशी (कमी अंतरावर वेगाने धावणाऱ्या घोड्यांशी) तुलना करू नका.

हँडिकॅपमध्ये रेटिंग, म्हणजे घोड्याच्या कुवतीचा आकडा, जितकं वरचं तितकं पाठीवर वजन जास्त, त्यामुळे सरस घोड्याला जिंकणं मुद्दाम अवघड केलेलं असतं. 1975 मध्ये रोमन वॉरियर 10 स्टोन (साधारण 63.5 किलो) वाहून जिंकला, हा पराक्रम खरंच थोर आहे. 1992 मध्ये लॉकसाँग या घोडीने स्टुअर्ड्‌स कप, पोर्टलंड (याही हँडिकॅप शर्यतीच) आणि एअर गोल्ड कप एकाच मोसमात जिंकले. 2018 मध्ये सन ऑफ रेस्ट आणि बॅरन बोल्ट यांच्यात डेड हीट, म्हणजे पहिल्या क्रमांकासाठी बरोबरी, झाली.

एक लक्षात ठेवा: 25 पर्यंत घोडे सरळ ट्रॅकवर धावतात आणि बऱ्याचदा दोन गटांत फुटतात. ज्या बाजूला वेग जास्त, तिथला ड्रॉ (सुरुवातीच्या गेटमधली चिठ्ठीने ठरलेली जागा) मिळालेल्या घोड्याला फायदा होतो. निकाल वाचताना वजनाइतकाच ड्रॉही बघा.