सेलचा यूएन ३८.३ अहवाल असताना तयार बॅटरी पॅकची पुन्हा चाचणी कशाला?

प्रश्न थोडक्यात असा: चांगल्या कंपनीचे १८६५० सेल घेऊन ई-सायकलसाठी ३६ व्होल्टचा पॅक बनवलाय, सेलचा यूएन ३८.३ (लिथियम बॅटरीच्या वाहतुकीसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या चाचण्या) अहवाल हातात आहे, तरीही फॉरवर्डर (माल पोहोचवणारा एजंट) पॅकचा वेगळा अहवाल मागतोय. तो उगाच अडवतोय का? आणि चाचणी करायचीच झाली तर वेळ आणि खर्च किती?

फॉरवर्डर उगाच अडवत नाहीये. धोकादायक मालाच्या वाहतुकीच्या नियमात स्वच्छ लिहिलंय की सेलची चाचणी झालेली असो वा नसो, बॅटरीची चाचणी वेगळी झालीच पाहिजे. तरीही ‘सेल पास म्हणजे पॅक पास’ हे वाक्य पॅक बनवणाऱ्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय, की आता कोणी ते म्हटलं की मी आधी पॅक उघडून दाखवा म्हणतो.

एकूण चाचण्या आठ, टी-१ ते टी-८. त्यातल्या टी-६ (आघात किंवा चिरडणं) आणि टी-८ (जबरदस्तीचा डिस्चार्ज) या सेलच्या. त्यापुरता तुमचा सेलचा अहवाल उपयोगी आहे. पॅकला टी-१ ते टी-५ आणि टी-७ द्याव्या लागतात. टी-१ ते टी-५ त्याच नमुन्यांवर, त्याच क्रमाने, आणि सगळी गंमत या क्रमातच आहे. आधीच्या चाचणीने पॅक थोडा ढिला केला की पुढची तिथेच बोट घालते.

ज्या पॅकवरून हा वाद चांगला पेटला होता, त्याचंच सांगतो. तुमच्यासारखाच १०एस ४पी (चार-चार समांतर सेलचे दहा गट एकापुढे एक), ४० सेल, वजन तीन किलोच्या आसपास. सेल उत्तम, कागदपत्रं चोख. पण सेल होल्डर नाही. सेल एकमेकांना ग्लू गनने चिकटवलेले, वरून निकेल पट्टी, पट्टीवर टेप, टेपवरून बीएमएसच्या (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की वीज तोडणारं सर्किट) बारीक सेन्स वायरी, म्हणजे प्रत्येक गटाचं व्होल्टेज मोजणाऱ्या, आणि सगळ्यावर पीव्हीसी श्रिंक (गरम केल्यावर आवळणारं प्लास्टिक). टी-१ मध्ये उंचावरच्या विरळ हवेसारख्या कमी दाबात, ११.६ किलोपास्कलला, सहा तास. दंडगोल सेलला त्याचं काही वाटत नाही. पाऊच (मऊ पाकिटासारखे) सेल असते तर फुगले असते. टी-२ मध्ये ७२ अंशाला सहा तास, मग उणे ४० अंशाला सहा तास, मध्ये जास्तीत जास्त अर्धा तास, अशी दहा आवर्तनं. ७२ अंशाला ग्लू गनचा गोंद मऊ पडला, उणे ४० ला कडक होऊन सेलवरून सुटला. बाहेरून पॅक जसाच्या तसा. व्होल्टेज ठीक, वजन ठीक, पास.

टी-३ मध्ये कंपन: ७ हर्ट्झवरून २०० वर आणि परत ७ वर, १५ मिनिटांत एक फेरी, अशा १२ फेऱ्या, तिन्ही अक्षांत, म्हणजे एकूण नऊ तास. सुटे झालेले सेल श्रिंकच्या आत हलत राहिले, निकेल पट्टीची कापलेली धार सेन्स वायरच्या आवरणावर घासत राहिली, आणि एका गटाची वायर चार गट पलीकडच्या पट्टीला टेकली. सोळा-सतरा व्होल्टचा शॉर्ट त्या केसासारख्या वायरमधून झाला, वायर जळून तुटली, शेजारच्या दोन वायरींचं आवरण वितळलं. आग नाही, स्फोट नाही. पण बीएमएसला तो गट शून्य व्होल्ट दिसला, त्याने आउटपुट बंद केलं. टी-१ ते टी-४ नंतर व्होल्टेज आधीच्या ९० टक्क्यांच्या खाली गेलं की नापास. इथे तर ते शून्यच होतं.

पॅकवाल्याचं म्हणणं: ‘सेल तर एकदम ठणठणीत आहेत, मोजून बघा!’ मोजले, ठणठणीत होतेच. सेलच्या अहवालात सेलपुरतंच लिहिलेलं असतं. त्याची निकेल पट्टी, त्याच्या वायरी, त्याचं बीएमएस यांचा त्यात उल्लेखही नव्हता. तरी शेवटपर्यंत ‘लॅबने कंपन जास्त दिलं’ हेच चालू राहिलं.

तिथे निभावलं असतं तरी टी-४ पुढे होतीच. १५० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १५० पट), सहा मिलिसेकंद, तीन अक्षांच्या दोन्ही दिशांना तीन-तीन म्हणजे १८ धक्के. ४० सेलचं वजन जवळपास १.९ किलो, १५० जीला त्यांच्यावर सुमारे २८५ किलो वजनाइतकं बल क्षणभर येतं. होल्डर नसेल तर ते सगळं निकेल पट्टीच्या स्पॉट वेल्डवर. त्यामुळे पॅक लॅबमध्ये न्यायच्या आधी हे करा: दोन्ही टोकांना प्लास्टिकचे सेल होल्डर. प्रत्येक सेलच्या पॉझिटिव्ह टोकाला इन्सुलेशन रिंग, कारण तिथे निगेटिव्ह डब्याची कड आणि पॉझिटिव्ह पट्टी यांच्यामध्ये फक्त पातळ आवरण असतं. सेन्स वायरी पट्टीवरून न नेता कडेने, खाली फिश पेपर (इन्सुलेशनचा जाड कागद) घालून. सिलिकॉनच्या वायरी लवचिक असतात म्हणून सगळ्यांना आवडतात, पण धारदार कडेवर त्याच आधी कापल्या जातात. आणि सिलिकॉन गोंद वापरलात तर पूर्ण वाळल्याशिवाय नमुना देऊ नका; वाळताना त्याचं वजन घटतं, आणि ७५ ग्रॅमपेक्षा जड नमुन्याला वजनातली घट ०.१ टक्क्यापर्यंतच चालते, म्हणजे तुमच्या पॅकला फक्त तीन ग्रॅम.

टी-५ मध्ये पॅक ५७ अंशाला आणून ०.१ ओहमपेक्षा कमी रोधाने शॉर्ट करतात. बीएमएसने तोडलं पाहिजे; स्वस्त मॉसफेट (बीएमएसमधले इलेक्ट्रॉनिक स्विच) इथे स्वतःच शॉर्ट होऊन बसतात आणि मग तोडायला कोणी उरत नाही. आवरणाचं तापमान १७० अंशांवर जाऊ नये, नंतरच्या सहा तासांत आग-फूट होऊ नये. टी-७ म्हणजे ओव्हरचार्ज: तुम्ही सांगितलेल्या कमाल चार्जिंग करंटच्या दुप्पट, आणि चार्ज व्होल्टेज १८ पेक्षा जास्त असलेल्या पॅकला त्याच्या १.२ पट. तुमचं चार्ज व्होल्टेज ४२, म्हणजे ५०.४ व्होल्ट, करंट ४ अँपिअर लिहिला असेल तर ८. हे २४ तास, मग सात दिवस लक्ष ठेवायचं. डेटाशीटवर फुशारकीने १० अँपिअर छापलंत तर चाचणी २० ला होईल, एवढं लक्षात असू द्या.

बारा किलोपर्यंतचा रिचार्जेबल पॅक ‘लहान’ धरतात. टी-१ ते टी-५ साठी चार नवे आणि चार २५ सायकल (चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या) झालेले, सगळे पूर्ण चार्ज. टी-७ ला पुन्हा चार आणि चार. आधीच्या चाचणीतले शाबूत पॅक टी-७ ला चालतात, पण टी-५ नंतर बीएमएस शाबूत असेलच असं नाही, म्हणून १६ बनवा आणि वर दोन-चार जास्त ठेवा. वेळेचा हिशोब: २५ सायकलना आठवडाभर, टी-२ ला सहा-साडेसहा दिवस, बाकीच्या मिळून तीन-चार दिवस, टी-७ समांतर. यंत्रं रिकामी असली तरी तीन आठवडे जातात. रांग आणि अहवाल धरून चार ते सहा समजा. खर्चाचा आकडा लॅबकडूनच घ्या, फक्त त्यात हे १६ पॅक तुमचे जातात हे धरा.

मुदत संपणारा हा प्रकार नाही. डिझाइन तेच असेल तर दरवर्षी पुन्हा चाचणी लागत नाही. पण सेलची संख्या किंवा जोडणी बदलली, वॉट-अवर २० टक्क्यांपेक्षा जास्त बदलले, किंवा बीएमएस (त्याचं सॉफ्टवेअर धरून) असं बदललं की चाचणीत नापास होण्याची शक्यता निर्माण झाली, तर तो नवा पॅक. पास झाल्यावर गुपचूप स्वस्त बीएमएस घालणारे बरेच आहेत. त्यांचा अहवाल त्या पॅकला लागूच होत नाही.

फॉरवर्डरला अख्खा अहवाल नव्हे, चाचणीचा सारांश द्यावा लागतो. १ जानेवारी २०२० पासून तो मागितला की मिळालाच पाहिजे. त्यावर उत्पादक, लॅब, अहवालाचा क्रमांक आणि तारीख, पॅकचं मॉडेल, वजन, वॉट-अवर, प्रत्येक चाचणीचा निकाल आणि यूएनच्या चाचणी नियमपुस्तिकेची कोणती आवृत्ती वापरली हे हवं. मॉडेल क्रमांक लेबलशी तंतोतंत जुळला नाही की माल थांबतो. एमएसडीएस (सुरक्षा माहितीपत्रक) हा सारांशाचा पर्याय नाही, कितीही शिक्के मारा.

आता अपवाद. आधीच स्वतंत्रपणे पास झालेल्या बॅटऱ्या जोडून मोठी बॅटरी केली आणि ती ६२०० वॉट-अवरपर्यंत असेल, तर एकाच पूर्ण चार्ज नमुन्यावर टी-३, टी-४, टी-५ आणि टी-७ पुरतात. सुट्या सेलना ‘बॅटरी’ म्हणवून ही सवलत ओढून घेणारे दिसतात; ती त्यांच्यासाठी नाही. चाचणी बाहेरच्याच लॅबमध्ये व्हावी अशी सक्ती नाही, यंत्रं आणि गुणवत्ता व्यवस्था असेल तर उत्पादक स्वतः करू शकतो. तुमचा पॅक ५०४ वॉट-अवरचा असेल (३.५ अँपिअर-अवरचे सेल धरले तर), म्हणजे १०० वॉट-अवरखालच्या सवलती विसरा: धोकादायक मालाचा वर्ग ९, यूएन छापाची पेटी, आणि सुटा पॅक विमानाने जायचा तर फक्त मालवाहू विमानातून, चार्ज ३० टक्क्यांपर्यंतच. सायकलीत बसवून पाठवलंत तर यूएन क्रमांक (धोकादायक मालाचा ओळख क्रमांक) बदलतो, ३८.३ बदलत नाही.

आणि नमुने लॅबला पाठवताना ते चाचणी न झालेलेच असतात, हे बहुतेक जण विसरतात. प्रोटोटाइपसाठी वेगळी तरतूद आणि वेगळं पॅकिंग आहे. विमानाने पाठवायचे तर संबंधित देशाच्या प्राधिकरणाची मंजुरी लागते. रस्त्याने पोहोचेल अशी लॅब निवडा.