मुंडगोडचा मुलगा आणि कॉलेजचा फॉर्म

प्रश्न : ताई, मी बार्देशातल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवते. माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गात एक तिबेटी मुलगा आहे, घर कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत, आईवडील सीझनला कळंगुटला दुकान लावतात. हुशार आहे पण नोव्हेंबरपासून वर्गात जवळजवळ दिसतच नाही, अटेंडन्स कमी पडतोय. फीचं विचारलं की मान खाली घालतो. मदत करायची आहे, पण त्याला कमीपणा वाटेल असं काही माझ्या हातून होऊ नये. काय करू? – एक प्राध्यापिका, म्हापसा

उत्तर : मॅडम, एकदा संध्याकाळी कळंगुटला जाऊन या. नोव्हेंबर म्हणजे त्यांच्या घरच्या वर्षभराच्या कमाईचे दिवस, आणि आपला दुसरा सेमिस्टर नेमका तेव्हाच सुरू होतो. मी शिकवत होते तेव्हा अशीच एक मुलगी होती, काळ्या मखमलीवर चांदीच्या अंगठ्या मांडायची, गिऱ्हाइकाशी इंग्लिशमध्ये घासाघीस करायची आणि काउंटरखाली अकाउंटन्सीचं पुस्तक उघडंच ठेवलेलं असायचं. ती आळशी नव्हती हो.

तिच्या अॅडमिशनचा दिवस मला अजून आठवतो. फॉर्मवर दोनच पर्याय, भारतीय नाहीतर परदेशी. भारतीय लिहिलं तर खोटं, परदेशी लिहिलं तर फी कितीतरी जास्त. ती आपली आरसी, म्हणजे तिबेटींना आपलं सरकार देतं ते रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवतेय, पानं सुटायला आलेली, आणि काउंटरवरचा माणूस सारखा म्हणतोय पासपोर्ट दाखव. मुलगी जन्मली मुंडगोडात, कन्नड अस्खलित बोलायची! त्या दिवशी मी मागे उभी होते आणि काही बोलले नाही, ते मला आजही टोचतं.

म्हणून सांगते, आधी त्याचे कागद बघा, आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर नको, एकटं बोलावून. आरसीची मुदत कधी संपते, ती रिन्यू करायला त्याला किती दिवस जावं लागेल, फी कुठल्या गटात लावलीय. गट चुकीचा वाटला तर प्रिन्सिपलकडे तुम्ही स्वतः जा, त्याला अर्ज घेऊन एकट्याला पाठवू नका. धरमशालेच्या निर्वासित तिबेटी प्रशासनाचा शिक्षण विभाग कॉलेजच्या मुलांना स्कॉलरशिप देतो, त्याने अर्ज केलाय का ते विचारा, कारण बऱ्याचदा मार्कशीट किंवा बोनाफाइड कॉलेजातून वेळेवर न मिळाल्यामुळे अर्ज अडतो आणि ते तर आपल्याच हातात आहे.

कोणीतरी तुम्हाला डाफी स्कॉलरशिप सुचवेल. ती १९९२ पासून जर्मन सरकारच्या मदतीने चालते, चांगली आहे, पण ती संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे नोंद असलेल्या मुलांसाठी. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे इथे कोण कुठल्या देशातून आलं त्यावर कागद ठरतो, अफगाणी किंवा म्यानमारच्या लोकांची नोंद ती संस्था दिल्लीत करते आणि तिबेटींचं थेट आपलं सरकार बघतं. उद्या एखादी अफगाणी मुलगी तुमच्या वर्गात आली तर हे लक्षात ठेवा, तालिबानने डिसेंबर २०२२ मध्ये मुलींना युनिव्हर्सिटी बंद केल्यापासून तिला परत जाऊन शिकायचा रस्ताच राहिलेला नाही.

"शिकून तरी काय, नोकरी कोण देणार" असं तो म्हणाला तर २०१४ चं केंद्राचं तिबेटी पुनर्वसन धोरण त्याला दाखवा. ज्या कामाची पात्रता आहे ते काम तिबेटींना करू द्यावं असं त्यात आहे. नागरिकत्वाचा विषय मात्र तुम्ही काढू नका. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत इथे जन्मलेले कायद्याने भारतीय, कदाचित त्याचे आईवडील त्यात बसतही असतील, पण कित्येक तिबेटी घरं भारतीय कागदांसाठी अर्ज मुद्दाम करत नाहीत, आणि का करत नाहीत ते त्यांचं दुःख आहे. विचारलं तर माहिती द्या, बस.

आणखी एक, कृपा करून त्याला कॉलेज डे ला स्टेजवर उभं करून "आपली कहाणी सांग" म्हणू नका. त्याला नोट्स, परीक्षेआधी दोन तास आणि अटेंडन्सची सवलत हवीय. रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन वर्गमित्रांबरोबर बसवा, ते कोणालाही जड जाणार नाही.

आणि हो, लोसार, म्हणजे तिबेटी नवं वर्ष, बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. आपण चवथीला गावच्या घरी जातो तसाच तो मुंडगोडला जाईल, त्या आठवड्यात इंटर्नल टेस्ट लावली असेल तर त्याची नंतर घ्या. येताना खाप्से आणेल, आपल्या नेवऱ्यांसारखे तळलेले असतात. नको म्हणू नका, त्याच्यासमोरच खा.