इटालियन लोकांच्या बेकऱ्या अमेरिकेत चार-पाच पिढ्या कशा टिकतात? आपल्याकडे दुसऱ्या पिढीतच का बंद पडतात?

हा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझं माहेर सांगलीचं, वडिलांची बेकरी होती, खारी-टोस्ट-नानकटाईची, आणि आता मी राहते फिलाडेल्फियाच्या साउथ फिली भागात, म्हणजे तुम्ही ज्यांच्याबद्दल विचारताय त्यांच्या शेजारातच.

पहिली गोष्ट, "इटालियन लोक फार कुटुंबवत्सल असतात म्हणून टिकतात" हे जे वर दोघांनी लिहिलंय ते मला अजिबात पटत नाही. कुटुंबाचं प्रेम आपल्याकडे काय कमी आहे का? टिकलेल्या बेकऱ्या नीट बघा, त्या आपला मूळ माल सोडत नाहीत. इथली नाइन्थ स्ट्रीटवरची सार्कोन १९१८ ची, पाचवी पिढी आहे, अजून मुख्य माल म्हणजे तो तीळ लावलेला कडक पाव, ज्याच्यात इथली हॉगी नावाची लांबडी सँडविचं भरतात. टर्मिनी ब्रदर्स १९२१ ची, सिसिलीहून आलेल्या दोन भावांनी काढलेली, तिथे कनोली, म्हणजे गोड चीज भरलेली तळलेली कुरकुरीत नळी, तुम्ही मागितल्यावर भरून देतात कारण आधी भरून ठेवली की बाहेरची नळी मऊ पडते. सॅन फ्रान्सिस्कोची लिगुरिया बेकरी १९११ पासून वॉशिंग्टन स्क्वेअरच्या कोपऱ्यावर आहे आणि ते आता फक्त फोकाचिया म्हणजे तेल लावलेला चपटा इटालियन पाव करतात, पांढऱ्या कागदात गुंडाळून दोरा बांधून देतात, माल संपला की दुकान बंद. बाकी काही नाही. आपल्याकडे काय होतं, पोरगा गल्ल्यावर बसला की पहिल्यांदा कोल्ड्रिंकचा फ्रीज येतो, मग पिझ्झा, मग बर्थडे केक, आणि ज्या खारीसाठी लोक यायचे ती बाहेरून यायला लागते. मग गिऱ्हाईक कशाला येईल?

दुसरं कारण मात्र मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या मागच्या गल्लीत एक बेकरी आहे, नाव देत नाही, घरगुती लोक आहेत. ती काढणारे आजोबा इटलीच्या आब्रुत्सो भागातून आले होते, १९२४ चा कायदा येऊन इटालियन लोकांसाठी दार जवळपास बंद झालं त्याच्या आधी. आता जो म्हातारा मालक आहे तो त्यांचा नातू. एकदा पावसाळी हवेत पाव घ्यायला गेले तर तो पाव उलटा करून बुडाला बोटाने टकटक करून ऐकत होता. आमचे बाबा हुबेहूब हेच करायचे, आतून पोकळ आवाज आला की भाजलाय. मी विचारलं, आज हवा दमट आहे म्हणून पाणी कमी घातलंत का, तर तो माझ्याकडे बघतच राहिला, म्हणाला तुला कसं कळलं, मी म्हटलं मी भट्टीवाल्याची पोरगी. तेव्हापासून मला आत प्रवेश. नाताळच्या आदल्या रात्री तर मी तिथेच होते, ट्रे पुसून द्यायला, कारण त्या रात्री न्यू जर्सीत राहायला गेलेली सगळी जुनी गिऱ्हाइकं परत येतात, पहाटे अंधारात रांग लागते, ईस्टरला आणि १९ मार्चला सेंट जोसेफच्या सणालाही तेच, त्या सणाचे झेपोले, म्हणजे क्रीम भरलेले गोड वडे, पाहिजेतच. त्या रात्री भट्टीसमोर कोण होतं माहितीये? म्हाताऱ्याची नात. अकाउंटिंग शिकलेली, चांगली नोकरी सोडून आलेली. लांब दांड्याच्या लाकडी फळीने पाव आत सारत होती, आजोबा स्टुलावर बसून नुसते बघत होते आणि मध्ये एक शब्द बोलत नव्हते. उधारी, पिठाचा भाव, कोणाला कामावर ठेवायचं, सगळं ती ठरवते. पाट्यांवर "ब्रदर्स" आणि "अँड सन्स" लिहिलेलं असतं हो, पण गल्ला कोणाच्या हातात आहे ते आत जाऊन बघा.

आता आमच्याकडचं सांगते. मला बेकरी चालवायची होती. मी शाळेत असल्यापासून पीठ मळून किती वेळ ठेवायचं ते हाताला कळायचं. पण आमचे मोठे काका म्हणाले मुलीच्या जातीने भट्टीपुढे उभं राहायचं नाही, आणि शिकलेल्या पोरांनी तर नाहीच नाही, लोक काय म्हणतील. चुलतभाऊ इंजिनियर झाला, पुण्याला गेला, मला स्थळ बघून दिलं, बाबांचे गुडघे गेले आणि बेकरी बंद. आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. काका अजून म्हणतात "आजकालच्या पोरांना कष्ट नको असतात". काका, पोरगी उभी होती ना तुमच्या समोर! तुम्ही हे उत्तर वाचत असाल तर वाचा, मी हेच तेव्हाही म्हणत होते.

हां, सगळ्याच टिकल्या असं समजू नका. न्यूयॉर्कच्या ब्लीकर स्ट्रीटवरची झिटो १९२४ ला सुरू झाली आणि २००४ ला बंद पडली, ऐंशी वर्षं चालून. उलट न्यू ऑर्लिन्सचं अँजेलो ब्रोकाटो हे इटालियन आईस्क्रीम-मिठाईचं दुकान, १९०५ चं, २००५ च्या कॅटरिना वादळात पाण्याखाली गेलं आणि वर्षभराने परत उघडलं. आणि जागा स्वतःची असणं हे पण मोठं कारण आहे, भाड्याच्या जागेत कितीही चांगला पाव केला तरी मालक एक दिवस भाडं दुप्पट करतोच.

तुमचं स्वतःचं दुकान असेल म्हणून विचारत असाल तर जो किंवा जी रोज पहाटे उठून येते तिच्या नावावर कागद करा, आत्ताच, तुमचे हातपाय चालतायत तोवर. आणि कधी फिलीला आलात तर नाइन्थ स्ट्रीटला सकाळी जा, दुपारी गेलात तर बहुतेक हात हलवत परत याल.