बसमधे खेळायचा आरपीजी कसा पारखायचा?

प्रश्न: दादा, मावसभावाने अमेरिकेहून येताना त्याचा जुना निन्टेन्डो ३डीएस (हातात धरून खेळायचा कन्सोल) आणून दिलाय. आरपीजी, म्हणजे पात्रं घडवत मोठी गोष्ट पुढे नेणारे गेम, खेळायची खूप इच्छा आहे पण वेळ मिळतो तो कंपनीच्या बसमधे आणि रात्री झोपायच्या आधी थोडासा. रिव्ह्यू बघितले तर सगळे स्टोरी, ग्राफिक्स आणि किती तासांचा गेम यावरच बोलतात. घेण्याआधी मी नेमकं काय बघू?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर: सगळ्यात आधी सेव्ह कसा होतो ते बघा, बाकी सगळं नंतर. स्टॉप आला की ३डीएसचं झाकण बंद केलं तर गेम तिथेच थांबतो हे खरं, पण बॅटरी संपली की गेलं सगळं. पोकेमॉनमधे लढाई चालू नसेल तर जवळजवळ कुठेही सेव्ह करता येतं, म्हणून तो प्रवासात इतका सोयीचा पडतो. याच्या उलट फायनल फँटसी ३ चा डीएसवरचा (३डीएसच्या आधीचा कन्सोल, त्याचे गेम ३डीएसवरही चालतात) २००६ चा रिमेक बघा, त्यात गुहांच्या आत सेव्ह पॉइंटच नाहीत, क्विकसेव्ह आहे पण तो फक्त गेम थांबवून ठेवण्यापुरता, आत मेलात तर थेट शेवटच्या खऱ्या सेव्हवर, आणि शेवटचा टप्पा तर इतका लांबलचक आहे की बसमधल्या माणसाने त्याच्या वाटेलाच जाऊ नये.

दुसरं म्हणजे चालताना दर चार पावलांवर लढाई लागते का. क्रोनो ट्रिगर मूळचा १९९५ चा, डीएसवर २००८ मधे आला, त्यात शत्रू आधीच समोर दिसतात आणि लढाई त्याच जागी होते, वेगळा स्क्रीन लोड होत नाही, त्यामुळे वीस मिनिटांतही गोष्ट पुढे सरकते. ब्रेव्हली डिफॉल्टमधे तर रँडम, म्हणजे चालताना अचानक लागणाऱ्या, लढाया किती याव्यात ते तुम्हीच ठरवता, अगदी शून्यावरही आणता येतात! माझ्या मते हँडहेल्डवर खेळणाऱ्याचा एवढा विचार फार कमी गेम करतात. पण हाच गेम उत्तरार्धात तेच तेच बॉस (मोठे शत्रू) पुन्हा मारायला लावतो, म्हणजे तास वाढतात आणि मजा कमी होते, म्हणूनच मी 'इतक्या तासांचा गेम' या आकड्याला अजिबात भाव देत नाही.

आणि पंधरा दिवस हात लागला नाही तर आपण कुठे होतो ते आठवतं का? एट्रियन ओडिसीमधे नकाशा खालच्या स्क्रीनवर स्टायलसने स्वतः काढायचा असतो, मधे कितीही खंड पडू दे, दारं, सापळे, अर्धवट सोडलेली वाट सगळं आपणच लिहून ठेवलेलं सापडतं. मला ही कल्पना अजूनही फार आवडते. अवघड मात्र आहे, पहिलाच आरपीजी असेल तर क्रोनो ट्रिगरच घ्या.

जाता जाता, डीएसचे गेम ३डीएसवर ताणून दाखवले जातात आणि अक्षरं जरा धुरकट होतात. गेम सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट दाबून ठेवा, चित्र लहान होईल पण वाचायला स्वच्छ.

प्रश्न: ड्रॅगन क्वेस्ट ९ सेकंडहँड मिळतोय. घेऊ का? आम्ही दोघं बहिणी खेळणार आहोत.
— एक वाचक, सांगली

उत्तर: गेम सुंदर आहे ताई, पण त्यात सेव्ह एकच ठेवता येतो. दोघींना आपापली गोष्ट खेळायची असेल तर एका कार्ट्रिजवर जमणार नाही, आणि आधीच्या मालकाचा सेव्ह असेल तर तोही पुसावा लागेल. निन्टेन्डोची जुनी वायफाय सेवा २०१४ मधेच बंद झाली त्यामुळे तिच्यावरून येणारी जास्तीची सामग्री आता मिळत नाही, मूळ गोष्ट मात्र पूर्ण खेळता येते. डीएसच्या कार्ट्रिजला सहसा देशाचं बंधन नसतं, ३डीएसच्या असतं, तेव्हा पुढे ३डीएसचा गेम घ्याल तर कन्सोल ज्या रीजनचा त्याच रीजनचा घ्या. २०२३ मधे ३डीएसचं ईशॉप (निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान) खरेदीसाठी बंद झालंय, म्हणजे चुकीचं कार्ट्रिज आलं तर डाउनलोड विकत घेण्याचा पर्यायही नाही.